घर बांधायच्या आधी तीन प्रश्न: जागा कोणाची, कशासाठी, आणि परवानगी कोणाची?



आपल्या गटांच्या बैठकीत आता कर्जाची मागणी बदलत चालली आहे. आधी शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, पोरांची फी यासाठी कर्ज मागितलं जायचं. आता ताया म्हणतात, "मसाल्याच्या युनिटला शेड टाकायचंय", "शिंगणापूर रस्त्याला एक गाळा काढायचाय", "सोनईत एक गुंठा मिळतोय, घेऊन ठेवू का?" चांगली गोष्ट आहे. बाई जागेचा विचार करायला लागली म्हणजे तिचा पाय घट्ट रोवला.

पण जागा आणि बांधकाम ही अशी गोष्ट आहे की पैसा एकदाच जातो आणि चूक आयुष्यभर पुरते. शेळी मेली तर दुसरी घेता येते. चुकीच्या जागेवर बांधलेली भिंत मात्र ना विकता येते, ना तारण ठेवता येते, ना मोडवते. म्हणून या अंकात घर-गाळा-शेड बांधण्याचे नियम सोप्या शब्दांत सांगत आहोत. हा लेख गटात मोठ्याने वाचा आणि जपून ठेवा.

तीन प्रश्न, तीन वेगळे कागद

सगळा घोळ एकाच समजुतीतून होतो. आपल्याला वाटतं की "कागद आहे" म्हणजे सगळं आहे. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न असतात आणि तिघांची उत्तरं तीन वेगळ्या कागदांवर असतात.

पहिला: ही जागा कोणाची आहे? याला मालकी म्हणतात.

दुसरा: ही जागा कशासाठी वापरता येते? शेतीसाठी, राहण्यासाठी की धंद्यासाठी? याला जमिनीचा वापर किंवा झोन म्हणतात.

तिसरा: या जागेवर मी जे बांधणार आहे, त्याला मंजुरी आहे का? ही बांधकाम परवानगी.

मालकी असली म्हणून वापर बदलत नाही. एनए झाली म्हणून बांधकाम परवानगी मिळाली असं होत नाही. आणि घरपट्टी भरली म्हणून यातलं काहीच सिद्ध होत नाही. शिंगणापुरात घराला दार नसतं हे साऱ्या देशाला माहीत आहे. २०११ साली तिथे बिनकुलपाची बँक शाखाही निघाली. पण घराला दार नसलं तरी उतारा असावाच लागतो, आणि कुलूप नसलेल्या गावातही कर्जाला कागद लागतोच.

आता एकेक प्रश्न बघू.

पहिला प्रश्न: जागा कोणाची?

गावातली जागा साधारण तीन प्रकारची असते: गावठाण, गावठाणाबाहेरची शेतजमीन, आणि सरकारी किंवा गायरान जमीन.

गावठाण म्हणजे गावाची जुनी वस्ती. इथे सात-बारा नसतो. आपल्याकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हा उतारा म्हणजे घरपट्टी कोणाकडून घ्यायची याची नोंद. त्यावर नाव असणं कामाचं आहे, पण तो मालकीचा पक्का पुरावा नाही. न्यायालयात आणि बँकेत हा फरक पडतो.

ही अडचण दूर करण्यासाठीच स्वामित्व योजना आली. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ती जाहीर केली. त्याच्या आधीच आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून बघितलं होतं. या योजनेत ड्रोनने गावठाणाचा नकाशा करतात, चुन्याने हद्दी आखतात, आणि प्रत्येक घराची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तयार करतात. आपल्या गावाची मिळकत पत्रिका तयार झाली आहे का, हे नेवासा येथील भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत विचारा. झाली असेल तर नाव, क्षेत्र आणि हद्द नीट वाचून घ्या. चूक असेल तर लगेच लेखी हरकत द्या. दहा वर्षांनी तीच चूक दुरुस्त करायला नाकी नऊ येतात.

शेतजमिनीची मालकी सात-बारावर दिसते. सात-बारा हातात घेतला की फक्त नाव बघू नका. तीन गोष्टी आणखी बघा.

एक, भोगवटादार वर्ग १ लिहिलंय की वर्ग २. वर्ग २ ची जमीन वरिष्ठांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इनाम, वतन, शासनाने दिलेल्या जमिनी बऱ्याचदा या वर्गात असतात.

दोन, "इतर हक्क" हा रकाना. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, सगळं तिथे असतं. विकणारा तोंडी सांगत नाही, पण हा रकाना सांगतो.

तीन, जमीन सामायिक आहे का. चार भावांच्या एका सात-बारावर एका भावाने "माझा हिस्सा विकला" म्हटलं, तरी मोजणी होऊन पोटहिस्सा पडलेला नसेल तर तुमचा गुंठा नेमका कुठला हे कागद सांगू शकत नाही. मोजणीचा नकाशा, ज्याला क प्रत म्हणतात, तो मागा.

आणि गायरान? ते कोणाच्याच नावावर होत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा विषय आला, तेव्हा राज्यात सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं असल्याची माहिती पुढे आली आणि गावोगाव नोटिसा गेल्या. गायरानावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या गरीब कुटुंबांचा प्रश्न खरा आहे, आणि तो सोडवायलाच हवा. १ जानेवारी २०११ पूर्वीची काही निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २०१८ साली झाला, पण त्यातही गायरान सरसकट धरलेलं नाही. म्हणून जी ताई आज नव्याने पैसे टाकणार आहे तिने गायरानावर, रस्त्याच्या जागेत किंवा ओढ्याच्या पात्रात एक वीटही रचू नये.

इथे निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या मैत्रिणींनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्यपद रद्द होतं, तसं कलम ग्रामपंचायत कायद्यात आहे (कलम १४, पोटकलम १, ज-३). २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महिला सदस्याच्या प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण घरच्या दुसऱ्या माणसाने केलेलं असलं आणि सदस्य तिथे कुटुंबासोबत राहत असली, तरी ती अपात्र ठरते. सासऱ्याने पुढे काढलेला ओटा सुनेचं सरपंचपद घालवू शकतो, असा याचा सरळ अर्थ.

दुसरा प्रश्न: जागा कशासाठी?

आपल्या राज्यात यासाठी दोन मोठे कायदे आहेत आणि दोन्ही १९६६ चे आहेत. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. तो सांगतो की शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर ती अकृषिक, म्हणजे एनए, व्हावी लागते. दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. तो सांगतो की कुठल्या भागात वस्ती वाढावी, कुठे कारखाना असावा आणि कुठे शेतीच राहावी, याचा आधी नकाशा करायचा. या नकाशाला प्रादेशिक योजना म्हणतात. नकाशात रहिवासाचा भाग पिवळा आणि शेतीचा भाग हिरवा दाखवतात. कुठल्या गटाला कुठला रंग, तो त्याचा झोन.

तुमचा गट कोणत्या झोनमध्ये आहे हे सांगणारा कागद म्हणजे झोन दाखला. तो अहिल्यानगरच्या नगररचना कार्यालयातून मिळतो. अर्जासोबत सात-बारा आणि गट नकाशा लागतो. प्लॉट घेण्याआधी हा एक कागद काढला तर निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

झोन कशाला हवेत, आपल्याच जमिनीवर आपल्यालाच बंधन कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण विचार करा. तुमच्या घराला लागून कोणी वीटभट्टी टाकली तर? शेजारच्या गटात दहा हजार कोंबड्यांचं शेड झालं आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वास भरला तर? कोणी ओढा बुजवून प्लॉट पाडले आणि पावसाळ्यात पाणी तुमच्या दारात आलं तर? वस्तीत रस्ता इतका अरुंद ठेवला की बाळंतिणीला न्यायला गाडीच येत नाही, तर? झोन आणि बांधकामाचे नियम याच त्रासासाठी केलेत. ते आपल्याला अडवतात तसे आपल्याला राखतातही.

गावाजवळच्या जमिनींसाठी एक सवलत आहे, ती मात्र प्रत्येकीला माहीत हवी. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेली, आणि प्रादेशिक योजनेत विकासासाठी ठेवलेली जमीन, राहण्याच्या वापरासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. त्यासाठी एनएचं वेगळं मोठं प्रकरण करावं लागत नाही. तहसीलदार आकारणी ठरवून कळवतात, ती आणि रूपांतरण कर भरला की त्याची नोंद होते. वर्ग २ च्या जमिनीला मात्र आधी नजराणा आणि परवानगीची पायरी आहे. तर नेवासा तहसीलमध्ये किंवा आपल्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढंच विचारायचं: "हा गट २०० मीटरच्या यादीत आहे का?"

ज्या मैत्रिणींना मसाला, पापड, लोणचं, डाळमिल असं युनिट टाकायचंय, त्यांनीही हाच प्रश्न आधी सोडवावा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण ते बँक कर्जाशी जोडलेलं आहे, आणि बँक जागेचे कागद मागणार. शेतीच्या झोनमध्येही शेतमालावर प्रक्रिया, गोठा, कुक्कुटपालन अशा काही वापरांना नियमात जागा आहे. जिथे औद्योगिक वापर चालतो तिथे कलम ४४-अ प्रमाणे आधी एनए परवानगी न घेता युनिट सुरू करून ३० दिवसांच्या आत तहसीलदारांना कळवायची सोय आहे. तेव्हा "शेतात युनिट चालत नाही" असं कोणी म्हटलं तर मान खाली घालू नका. झोन दाखला काढा आणि नगररचना कार्यालयाला विचारा की या गटात हा वापर चालतो का.

शेतात घर बांधायचं असेल तर तो वेगळा विषय आहे. शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, जमीन लागते. दोन गुंठ्यात "फार्म हाऊस" विकणाऱ्याला हा आकडा सांगा आणि त्याचं तोंड बघा.

एक गुंठ्याचा मोह

आता जरा थांबून या गुंठ्याचंच बोलू, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. विकणारा एकराचे तुकडे करतो, मध्ये फक्कीने रस्ता आखतो, चार दगड पुरतो आणि म्हणतो, "ताई, नोटरी करून देतो, सात-बाराला नाव मागून लागेल."

पहिली गोष्ट, नोटरीने जमीन विकत घेता येत नाही. जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेलं साठेखत किंवा "विसार पावती" म्हणजे खरेदी नव्हे.

दुसरी गोष्ट, तुकडेबंदी. १९४७ चा हा कायदा शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने आपल्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं. मुळा उजव्या कालव्यामुळे आपल्याकडची बरीच जमीन बागायत आहे, म्हणजे दहा गुंठ्यांचा आकडा लक्षात ठेवा. त्यापेक्षा लहान तुकडा शेतजमीन म्हणून घेतला तर नाव लागायला अडचण येते.

आधी झालेले असे व्यवहार नियमित करायची वाट शासनाने उघडली आहे. २०१७ साली त्यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरायची होती, २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली, आणि २०२५ मध्ये आणखी सवलती जाहीर झाल्या. ज्या मैत्रिणींचा जुना गुंठा अडकून पडलाय त्यांनी तहसील कार्यालयात आजचा नियम विचारून अर्ज करावा. पण लक्षात घ्या, ही सवलत जुनं दुखणं बरं करायला आहे. नवीन खरेदी करताना "पुढे नियमित होईल" या भरवशावर पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट, मंजूर लेआऊट. प्लॉट पाडायचे तर मालकाने आधी नकाशा मंजूर करून घ्यायचा असतो. त्यात रस्त्याची रुंदी ठरलेली असते, आणि एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेत किमान १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. मंजूर लेआऊटचा प्लॉट महाग वाटतो, कारण त्यात रस्ता, गटार, मैदान सगळं धरलेलं असतं. स्वस्त गुंठ्यात हे नसतं. मग दहा वर्षं चिखल तुडवायचा, आणि रस्त्यासाठी ग्रामपंचायतीशी भांडायचं. ग्रामपंचायत म्हणते, "तो रस्ता आमच्या नावावरच नाही, निधी कसा टाकू?" आणि तिचंही खरं असतं.

समजा, एका ताईने गटातून ५० हजार आणि दागिने मोडून एक लाख असे दीड लाख एका गुंठ्यात घातले. जागा शेतीची, तुकडा लहान, खत नोटरीचं. गटाचा हप्ता दर महिन्याला चालू आहे. घरकुल मंजूर झालं तर जागेचा पुरावा नाही, बँकेत गेलं तर तारण नाही, विकायला काढलं तर घेणारा कागद मागतो. जागा डोळ्यासमोर आहे आणि तरी तिची नाही. एका झोन दाखल्याच्या अर्जाने आणि एका सात-बाराने हे टळलं असतं.

तिसरा प्रश्न: परवानगी कोणाची?

गावठाणात घर बांधायचं तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते. ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. गावठाणाबाहेर परवानगीचा अधिकार महसूल विभागाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी आणि त्यांनी अधिकार दिलेले प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे असतो, आणि नकाशा नगररचना विभाग तपासतो.

काय बांधता येतं, चारही बाजूंनी किती जागा सोडायची, उंची किती, हे ठरवणारी एकच नियमावली डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू झाली. तिला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली म्हणतात. सरकारी कचेरीत "युनिफाईड डीसीआर" म्हणतात.

या नियमावलीमुळे लहान घरांना मोठी सोय झाली:

- प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर मालकीचा कागद, मोजणी नकाशा किंवा लेआऊट, घराचा नकाशा, आणि तो नियमांप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र, एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं. विकास शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. परवानगीची वाट बघत बसायची गरज नाही.
- प्लॉट त्याहून मोठा पण ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ३,२०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर हेच कागद द्यायचे. ग्रामपंचायतीने १० दिवसांत शुल्क कळवायचं, आणि ते भरल्यावर १० दिवसांत परवाना द्यायचा. नगररचनाकाराकडे फाईल फिरवायची गरज नाही.
- त्याहून मोठा प्लॉट असेल तर नगररचना विभागाची मंजुरी लागते.

नीट बघा, या सगळ्यात पहिला कागद मालकीचा आहे. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर ही सोय कामाची नाही. आणि कागद देताना पोच घ्यायची. तारीख, शिक्का, सही. पोच नसेल तर दहा दिवस कधीपासून मोजायचे?

मोठ्या बांधकामाला पुढे आणखी दोन टप्पे असतात: जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी, आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. बँकेचं कर्ज असेल तर तेही हे कागद मागतात.

रस्त्याकडेला गाळा, रसवंती, चहाची टपरी, पूजासाहित्याचं दुकान काढणाऱ्या मैत्रिणींसाठी एक वेगळा नियम आहे. राज्य मार्ग, जिल्हा मार्गाच्या बाजूला काही अंतर सोडूनच बांधकाम करता येतं, आणि हे अंतर डांबराच्या कडेपासून मोजत नाहीत, रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. रस्ता कोणाकडे आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे की जिल्हा परिषदेकडे, हे विचारून त्यांच्याकडून अंतर लेखी घ्या. शनी अमावस्येची गर्दी बघून पक्कं बांधकाम पुढे सरकवावंसं वाटतं. पण रस्ता रुंद करताना हद्दीच्या आतलं बांधकाम जातं, आणि त्याची भरपाई मिळत नाही.

परवानगी न घेता बांधलं तर?

"सगळे बांधतात, आपणही बांधू" हे नेहमी ऐकू येतं. होतं काय ते सांगतो. शेतजमिनीचा वापर परवानगीशिवाय बदलला तर अकृषिक आकारणीच्या ४० पटीपर्यंत दंड होऊ शकतो. बांधकाम पाडायची नोटीस येऊ शकते. आणि ग्रामपंचायत अशा घराचीही घरपट्टी घेते. त्या पावत्या वर्षानुवर्षं जपून ठेवल्या तरी घर कायदेशीर होत नाही. ज्यांनी पावत्यांच्या भरवशावर घर बांधलं त्यांना हे सगळ्यात उशिरा कळतं.

घराच्या कागदावर बाईचं नाव

मैत्रिणींनो, आता शेवटचा आणि सगळ्यात जवळचा विषय. जागा कोणाची हा प्रश्न आपण शेजाऱ्याला विचारतो, सरकारला विचारतो. तो घरातही विचारायला हवा.

घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावावं, असा शासन निर्णय २००३ साली निघाला. गावोगावच्या बायका त्याला "घर दोघांचं" म्हणतात. शेतजमिनीत बायकोचं नाव लावण्यासाठी लक्ष्मी मुक्तीची वाट त्याही आधी, १९९२ साली शासनाने मान्य केली होती. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावाने देतात. बाईच्या नावाने घर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ज्यांना घरकुल मंजूर आहे पण जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागा खरेदीला एक लाख रुपयांपर्यंत मदत आहे.

हे सगळं आहे, पण आपोआप होत नाही. नमुना ८ वर नाव लावायला अर्ज करावा लागतो आणि नवऱ्याची संमती लागते. तो अर्ज भांडण झाल्यावर करायचा नसतो. घरात सगळं गोडीत असताना, नवीन घर बांधताना, कर्जाचा पहिला हप्ता तुमच्या गटातून जात असताना करायचा. ज्या घराचं कर्ज बाईच्या बचतीवर उभं आहे, त्या घराच्या कागदावर तिचं नाव असावं, हे मागणं काही जास्त नाही.

नवरा वारला असेल तर वारसनोंद लांबवू नका. कागद जितका जुना होतो तितके दावेदार वाढतात.

ग्रामसभेत विचारायचं

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी, तशी तरतूद कायद्यातच आहे. त्या सभेत हे प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा:

१. आपल्या गावठाणाची ड्रोन मोजणी आणि मिळकत पत्रिका कुठल्या टप्प्यावर आहे?
२. गावठाणापासून २०० मीटरमधल्या गटांची यादी ग्रामपंचायतीत लावली आहे का?
३. गावात मंजूर लेआऊट किती आणि कोणते? ती यादी फलकावर लावता येईल का?
४. किती घरांच्या उताऱ्यावर दोघांची नावं आहेत?

चौथ्या प्रश्नाचा आकडा ऐकून सभा गप्प होते. होऊ द्या. पुढच्या वर्षी परत विचारा.

गटासाठी नियम

ग्रामसंघाला आमची एक सूचना आहे. जागा, घर, गाळा किंवा शेडसाठी कर्ज मागणाऱ्या सदस्याच्या अर्जाला हे कागद जोडून घ्यावेत:

- मिळकत पत्रिका किंवा तीन महिन्यांच्या आतला सात-बारा, आणि नमुना ८.
- नवीन जागा घ्यायची असेल तर झोन दाखला किंवा मंजूर लेआऊटची प्रत.
- मोजणीची क प्रत.
- ग्रामपंचायतीत दिलेल्या कागदांची पोच किंवा बांधकाम परवाना.
- उताऱ्यावर स्वतःचं नाव नसेल तर नाव लावण्याच्या अर्जाची प्रत.

कोणी म्हणेल, एवढे कागद मागितले तर कर्ज लांबेल. लांबू द्या, पंधरा दिवस लांबेल. वाचायला अवघड कागद असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या, चार डोळे बसून वाचतील. ज्या मैत्रिणीला अक्षर ओळखू येत नाही तिच्यासोबत शिकलेल्या एकीने तहसीलला जावं, आणि एसटीचं भाडं गटाच्या खर्चात धरावं. कारण त्या मैत्रिणीचा दीड लाख बुडाला तर तिचा हप्ता थांबतो, आणि एकीचा हप्ता थांबला की सगळ्या गटाचं नाव बँकेत खाली येतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८ घेऊन यावं. नाव कोणाचं आहे, क्षेत्र किती आहे, एवढंच वाचायचं. सुरुवात तिथून करू.